अश्लेषाचा इसार

मागच्या मार्चात नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्यात एक बातमी फिरली. सिंधूताईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या अश्लेषाने म्हणे आपल्या ऑफिसची तिजोरी फोडली आणि माल घेऊन पसार झाली. सकाळी दुधाच्या केंद्रावर ती नुसती तिजोरी होती. तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्यात सोन्याची दोन बिस्किटं आली होती, आणि दुपारी जयवंताबाईंच्या ओट्यावर तिच्यातून मालकिणीचं मंगळसूत्रही निघालं. मंगळसूत्राची भर जयवंताबाईंची. बिस्किटांपर्यंतची जबाबदारी माझी.

पण बातमी हवेतून आलेली नव्हती. शनिवारी भर उन्हात अश्लेषा स्कूटीच्या दोन्ही बाजूंना दोन फुगलेल्या थैल्या लटकवून गेली, मागे एक अनोळखी पोरगी मांडीवर लाकडी पेटी घेऊन बसली होती, आणि हे निदान अर्ध्या गल्लीने पाहिलं. संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या साहेबाचा फोन सिंधूताईंना आला, “तुमच्या भाडेकरूने आमच्याकडे चोरी केली आहे.” सिंधूताईंनी ही गोष्ट कोणालाही सांगू नका म्हणून पाच जणींना सांगितली.

आता ही अश्लेषा कोण, ते सांगतो.

नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या कवडू रेवतकरांची ही थोरली मुलगी. घरी संत्र्याची बाग, विहीर, विहिरीवर पाच एचपीचा पंप. ती आठवीत असताना भर उन्हाळ्यात पंपाचा स्टार्टर बंद पडला. नरखेडचा वायरमन तीन दिवस ‘निघालो, निघालो’ म्हणत होता. चौथ्या दिवशी अश्लेषाने मेन बंद केला, स्टार्टर खोलला, आतले काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले आणि पंप सुरू केला. तिची आई जिजाबाई म्हणाली, “करंटाशी खेळू नको वं, पोरीची जात हाय तुही.” आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा मिक्सर तिच्यापुढे आणून ठेवला. पुढे गावातल्या निम्म्या विहिरींवर ही मुलगी पेचकस घेऊन दिसायची. तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. तिला खापरखेड्याच्या वीज केंद्रात जायचं होतं, तिथल्या कंट्रोल रूममध्ये. एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

खापरखेड्याची जागा निघेपर्यंत काहीतरी करावं म्हणून ती नागपूरला आली आणि मोबाइलवर अर्ज करत सुटली. एक उत्तर तासाभरात आलं. ‘मॅनेजमेंट ट्रेनी पाहिजेत. फ्रेशर चालेल. सेल्स नाही, फिल्ड नाही, एसी ऑफिस. वर्षभरात स्वतःची ब्रँच.’ कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण ते टिकत नसे. दर चार-सहा महिन्यांनी दारावरची पाटी बदलायची, खिळे तेच राहायचे.

मुलाखतीला कवडू स्वतः सोबत आला. एसटीने, मांडीवर संत्र्यांची लाकडी पेटी घेऊन. पेटीवर काळ्या रंगात त्याचं नाव छापलेलं. रिंग रोडवरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चाळीस पोरंपोरी फॉर्म भरत बसली होती आणि स्पीकरवर गाणी इतकी मोठ्याने चालू होती की शेजारच्याला ‘हे काय आहे’ विचारायची सोय नव्हती. केबिनमध्ये श्रीधर सर. वय सव्वीस, गळ्यात लाल टाय, आणि बोटात किल्ल्यांचा जुडगा सतत गरगरा फिरवायची सवय.

“पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?”

“खापरखेड्याच्या कंट्रोल रूममध्ये.”

“गुड. मोठा विचार करतेस. तू सिलेक्टेड आहेस.”

चार मिनिटांत झालं. पुढे सिंधूताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भांड्याले बाई ठेवाची तरी मी यापेक्षा जास्त विचारते वं.” चाळीसपैकी किती निवडले, हे अश्लेषाने त्या दिवशी मोजलं नाही. चाळीसही निवडले होते.

बाहेर टेबलावरच्या मुलीने ओरिजनल कागद मागितले. दहावी, बारावी, डिप्लोम्याच्या मार्कशीट, सगळं. दोन दिवसांत पडताळणी करून परत. अश्लेषा अडखळली. “झेरॉक्स चालेल का?”

खरी चूक इथे झाली, आणि ती अश्लेषाची नव्हे, कवडूची. असली चूक फक्त संत्र्याच्या बागवाल्याच्या हातून होऊ शकते. त्या भागात बागेचा सौदा फळ झाडावर असतानाच होतो. व्यापारी येतो, बाग फिरून बघतो, भाव ठरतो आणि तो शेतकऱ्याच्या हातात इसार ठेवतो. एकदा इसार ठेवला की पुढे भाव चढो की पडो, कोणी मागे फिरत नाही. फिरलाच तर इसार बुडतो आणि माणसाचं नावही. कवडूने तीस वर्षं हेच केलं होतं.

“झेरॉक्स काहून?” तो अश्लेषाला म्हणाला. “झेरॉक्सवर सौदा होते काय? ओरिजनलच दे. हा आपला इसार समज. आता साहेब मागं नाही फिरू शकत.”

त्याने स्वतः फाइल उचलून टेबलावर ठेवली, वर पेटी ठेवली, आणि गावी जाऊन पेढे वाटले. पोरगी मॅनेजर झाली. मागे कोणाला फिरता येणार नव्हतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अश्लेषाला कळलं की ‘फिल्ड नाही’ म्हणजे काय. चाळीस जण गोल उभे करून टाळ्या, घोषणा, मग ज्याने काल पाच विकल्या त्याने घंटा वाजवायची. त्यानंतर खांद्याला बॅग, आणि मानेवाड्याच्या फ्लॅट स्कीममध्ये दारोदार. पगार असा नव्हताच, विकलं तर वाटा. बॅगेत पांढऱ्या डब्या होत्या. प्लगमध्ये लावायची, हिरवा दिवा लागतो, विजेचं बिल तिसऱ्या हिश्शाने कमी होतं.

हे बोलायला कोणाला लावलं, तर आठवीत स्टार्टर खोललेल्या मुलीला. पहिल्याच संध्याकाळी तिने खोलीवर एक डबी पेचकसने उघडली. आत एक बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. बाकी डबी रिकामी. वजन यावं म्हणून तळाला सिमेंटची वडी चिकटवलेली.

ती तिसऱ्या दिवशीच सोडणार होती. श्रीधरकडे कागद मागायला गेली. कागद पडताळणीला पुण्याला गेले होते. पंधरा दिवसांनी गेली, तर ते परत आले होते, पण कपाटात होते, आणि कपाट लीडर झाल्यावरच उघडत असे. केबिनच्या कोपऱ्यात एक राखाडी लोखंडी कपाट होतं. श्रीधर त्याच्याकडे बघायचा, किल्ल्या फिरवायचा आणि म्हणायचा, “सेफ आहेत. तुझ्या घरापेक्षा सेफ.”

घरी फोन केला तर कवडू ऐकायला तयार नाही.

“सोडाची म्हणते? इसार देऊन बसलो ना बाप्पा आपण. सौदा मोडला तर इसार बुडते, तुले समजत नाही काय?”

“बाबा, काम जमून नाही राहिलं.”

“मॅनेजरचं काम हाय, दोन महिने जड जाईनच.”

तिने काम कोणतं ते सांगितलं नाही. जिजाबाईने लग्नाच्या बायोडाट्यात ‘मॅनेजर’ लिहून तो तीन गावांत पाठवला होता. मग कोणत्या तोंडाने सांगणार.

अशी मग ती चौदा महिने डब्या विकत राहिली. गल्लीतही विकल्या. सिंधूताईंनी मायेपोटी एक घेतली. उन्हाळ्यात त्या वर गेल्या, दारातूनच म्हणाल्या, “अश्लेषा, तुही डबी लावली, पण बिल तर वाढून राहिलं वं.”

“कूलर लावला ना काकू तुम्ही.”

“कूलर दरसाली लावतो. मंग डबी काय करून राहिली?”

“हिरवी लागून राहिली,” अश्लेषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सिंधूताईंचे पैसे परत केले. माझे नाही केले, कारण मी तिला कधी विचारलंच नाही. माझ्याकडची अजून आहे. अंधारात चप्पल शोधायला बरी पडते.

वर्षाने ती लीडर झाली. म्हणजे डब्यांबरोबर आता माणसंही आणायची. तिच्या पुढ्यात फोन नंबरांची यादी ठेवली आणि एक कागद, त्यावर काय बोलायचं ते छापलेलं. सेल्स नाही. फिल्ड नाही. एसी ऑफिस. ती डोळे मिटून एका दमात म्हणायची. तिच्या बोलण्यावर चार जण आले, चौघांनी ओरिजनल कागद दिले. हे ती स्वतः सांगते, कोणी विचारलं नसताना, आणि सांगताना हातातलं काम खाली ठेवते. लीडर झाल्यावर कपाट उघडेल असं श्रीधर म्हणाला होता, त्याची आठवण करून दिली तर तो म्हणाला, “सहा आण. सहा झाले की तुझे कागद तुला.”

आणि त्यात मार्चच्या पहिल्या आठवड्यात खापरखेड्याचं पत्र आलं. शिकाऊ उमेदवार म्हणून यादीत नाव लागलं होतं. सोमवारी सकाळी दहा वाजता सर्व मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. मूळ कागदपत्रांसह, हे दोनदा लिहिलं होतं, एकदा ठळक अक्षरांत.

ती पत्र घेऊन केबिनमध्ये गेली.

“सोमवारी?” श्रीधरने किल्ल्या फिरवल्या. “सोमवारी तर आपला अवॉर्डचा प्रोग्राम आहे. तुला स्टेजवर बोलावणार आहे मी.”

“सर, मले कागद पाहिजे.”

“मी कुठे नाही म्हणतो? सहातले चार झाले. शनिवारी इंटरव्ह्यू तूच घे. दोन सिलेक्ट कर, फॉर्मवर सही कर, मी आलो की कागद घेऊन जा. सिंपल.”

शनिवारी दहाला सगळी पलटण बॅगा घेऊन बाहेर पडली. टेबलावरची मुलगीही नव्हती. श्रीधर सोमवारच्या बक्षिसांचे कप आणायला सीताबर्डीला गेला, बोटात किल्ल्या फिरवत. अश्लेषा त्याच्या खुर्चीवर बसली. पहिला आला उमरेडचा एक मुलगा. तिने त्याला पाच वर्षांनी कुठे बघतोस विचारलं, तो काहीतरी बोलला, तिने त्याच्या फॉर्मवर सही केली. पाच झाले. तो फाइल देऊन बाहेर बाकावर बसला.

दुसरा फॉर्म घेऊन आत आली ती खुशी. अश्लेषाच्या काकांची मुलगी.

“ताई, तूच घेऊन राहिली काय इंटरव्ह्यू? मंग तर झालंच.”

“तुले इथं कोणं पाठवलं?”

“मोठ्या बाबांनं. म्हणे अश्लेषा तिथं मॅनेजर हाय, तिच्या हाताखाली लाग. हे घे.” तिने छातीशी धरलेली फाइल टेबलावर ठेवली. “सगळे ओरिजनल हायेत. मोठे बाबा म्हणे, झेरॉक्स नको देजो, इसार द्या लागते.”

अश्लेषाच्या हातात पेन होतं. एक सही केली की सहा होत होते, आणि सोमवारी ती खापरखेड्याला असती. खुशी खुर्चीत सरकून बसली, वर एसीकडे बघितलं, खूश झाली.

“काम काय हाय ताई इथं?”

हा प्रश्न अश्लेषाला फोनवर कितीकांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर तिला पाठ होतं.

“दारोदार डब्या विकाच्या,” ती म्हणाली.

“आन् त्या डब्यांनं काय होते?”

“काहीच होत नाही.”

“मंग तू काहून करून राहिली?”

“माहे कागद त्या कपाटात हायेत.”

खुशीने कपाटाकडे पाहिलं. “आन् ते तसंच ठेवाचं हाय काय?”

अश्लेषाने तिची फाइल तिच्या मांडीवर परत ठेवली. बाहेर जाऊन उमरेडच्या मुलाला त्याची फाइल दिली आणि सांगितलं, घरी जा, इथे सेल्स आहे आणि फिल्डही आहे. तो म्हणाला, “मॅडम, मले रिजेक्ट करून राहिले काय?” त्याला पटवण्यात पाच मिनिटं गेली. मग पर्समधून तिने तिचा जुना पेचकस काढला, दोघी केबिनमध्ये गेल्या आणि आतून दार लावलं.

कपाटाचं काय झालं ते शेवटी सांगतो. आत काय होतं ते आधी ऐका. वरच्या खणात डब्या. मधल्या खणात घोषणांचे फलक. खालच्या खणात कवडू रेवतकरांचं नाव छापलेली संत्र्याची पेटी, आणि तिच्यात ओळीने उभी लावलेली खाकी पाकिटं. प्रत्येकावर नाव आणि फोन नंबर. एकतीस पाकिटं. अश्लेषाने ती एकदा चाळली, मग जमिनीवर बसून एकेक काढून चाळली. मग सगळं कपाट रिकामं करून पुन्हा चाळली. तिच्या नावाचं पाकीट त्यात नव्हतं.

खुशी म्हणते, ती रडली नाही. तिने पाकिटं डब्यांच्या दोन रिकाम्या थैल्यांत भरली आणि पेटी खुशीच्या हातात दिली.

शनिवारची दुपार आणि रविवार त्यातच गेले. कामठी, उमरेड, काटोल, जिथे स्कूटी जाईल तिथे. काहींना सक्करदऱ्याच्या तलावाशी बोलावून घेतलं. सगळ्यांनी आभार मानले असं समजू नका. एकाने विचारलं, “चोरून आणले काय?” एकाने तर ‘केस होईल’ म्हणून स्वतःच्या मार्कशीट घ्यायलाच नकार दिला. त्याच्या आईने दार लावण्याआधी हात बाहेर काढून पाकीट ओढून घेतलं. अश्लेषाने स्वतः फोन करून आणलेले ते चौघे एकतीस जणांत होते. त्यांच्याकडे ती आधी गेली. दोघांनी दारातून आत बोलावलं नाही.

पोलिसांत श्रीधर गेला नाही. गेला असता तर चोरीला काय गेलं ते सांगावं लागलं असतं. त्याने फक्त सिंधूताईंना फोन केला, आणि बाकीचं आम्ही केलं.

सोमवारी अश्लेषा झेरॉक्स घेऊन खापरखेड्याला गेली. पडताळणीच्या टेबलावर आनंदराव म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी झेरॉक्स चाळल्या, मार्क बघून मान डोलावली आणि म्हणाले, “बेटा, मार्क चांगले आहेत. पण ओरिजनल लागते. पाच वाजेपर्यंत आण, मी बसतो.”

ते खरंच बसले. अश्लेषाने बाहेर येऊन श्रीधरला फोन लावला. मागे टाळ्या ऐकू येत होत्या, अवॉर्डचा प्रोग्राम चालू होता.

“सर, माहे कागद कुठं हायेत?”

“कसले कागद?” तो म्हणाला. “कपाटातले सगळे तर तूच नेलेस ना.”

खरंच तिनेच नेले होते. पाच वाजले. जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली.

नव्या मार्कशीटसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. लिहून देणाऱ्याने विचारलं, “कागद कुठे हरवले?” ती म्हणाली, हरवले नाहीत, घेतले. तो म्हणाला, “ताई, तसं लिहिलं तर चौकशी लागंल, वर्ष जाईल. प्रवासात गहाळ लिहू?” तेव्हा सरकारदरबारी आज तिचे कागद प्रवासात गहाळ झाले आहेत. नक्कल मिळायला चार महिने गेले.

कवडू आठवड्याभराने आला. सिंधूताईंच्या ओट्यावर बसला. चहा निवत ठेवला.

“मॅनेजर नव्हती तू?”

“नाही बाबा.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही इसार इसार करून राहिले होते.”

“इसार बुडाला,” तो म्हणाला. “सौदा त्यानं मोडला आन् इसार आपला बुडाला. असं तर बाजारात बी होत नाही गा.” हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मग त्याने विचारलं, “पेटी कुठं हाय?” अश्लेषाने पेटी आणून दिली. ती मांडीवर घेऊन तो एसटीने परत गेला.

अश्लेषा आता तलावाच्या बाजूच्या एका दुकानात मोटारी गुंडाळते. जळालेल्या पंपाची तांब्याची तार उतरवायची, नवी भरायची. हात चांगला आहे, गिऱ्हाईक तिलाच विचारत येतं. खापरखेड्याचा अर्ज तिने या वर्षी पुन्हा भरला आहे. यादी लागायची आहे. वय अजून एक वर्ष बसतं, एवढंच. श्रीधरची पाटी आता दिघोरीकडे दिसते, नाव निराळं. मागच्या महिन्यात तिथून जात होतो, सकाळी आठला वरून टाळ्या आल्या आणि मग घंटा वाजली.

जयवंताबाई अजून मंगळसूत्रावर ठाम आहेत. मीही पोह्याच्या ठेल्यावर बिस्किटं मागे घेतलेली नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तिजोरी नव्हती. लोखंडी कपाट होतं. श्रीधरच्या बोटात फिरणाऱ्या किल्ल्या त्याच्या मोटारसायकलच्या आणि घराच्या होत्या. अश्लेषाने पेचकस लावायच्या आधी हँडल खाली दाबून बघितलं, आणि दार उघडलं. कपाटाला कधीच कुलूप नव्हतं.